साडेदहा इंच

मुनीरभाईनं खोका काउंटरवर ठेवला
तेव्हा गंजगोलाईतलं ऊन थेट आत येऊन
त्यावरच्या तीन पंख्यांच्या चित्रावर बसलं.
"घिऊन जा मामू, लातुरात असा दुसरा नाही."
नसेलच.
मी किंमत विचारली
आणि विचारली नसती तर बरं, असं वाटलं.

उदगीरला माझा डबा आहे.
डबाच म्हणतो मी त्याला.
मदरबोर्ड हैदराबादचा, सेकंडहँड,
रॅम दोन कंपन्यांची,
कॅबिनेट एका बंद पडलेल्या सायबर कॅफेचं,
पाठीवर अजून 'केबिन नं. ४' लिहिलेलं.
त्यात मी तालुक्याची लग्नं जोडतो,
देवणीची, जळकोटची, औरादची,
हळद, अक्षता, पंगत, ड्रोन.
जुनं कार्ड इतकं थकलेलं
की नवरीनं वळून पाहिलं
की ती पाहतच राहायची.
बापानं डोळ्याकडं हात नेला
की तो पोचायला चार सेकंद लागायचे.
लोक म्हणायचे, काय इफेक्ट टाकलाय!

घरी फोन लावला.
झाकण काढ, आतून माप घे,
मागच्या पट्टीपासून हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत.
सत्त्वशीला ब्लाउज शिवते, टेप गळ्यातच असतो.
"साडेनऊ," ती म्हणाली, "आन् धूळ लई हाय."
खोक्यावर छापलेलं, दोनशे सदुसष्ट मिलिमीटर.
मुनीरभाईनं मोबाइलवर भागाकार केला.
साडेदहा.

एक इंच.
पिंजरा कापू का,
पत्रा वाकवू का,
झाकण उघडंच ठेवलं तर
(पाली आहेत घरात),
एवढं सगळं मी उभ्या उभ्या करून पाहिलं.
फोन चालूच होता.
"आन् बरोब्बर मापाचंबी आणू नका," ती म्हणाली,
"दाबण सोडाय लागतीय.
मे महिन्यात अंगाला चिकटलेलं कोण घालतंय?"

मग पिनांचं निघालं.
याला हव्यात आठ,
माझ्या एसएमपीएसला सहाचीच एक शेपटी,
साडेचारशे वॉट, तेही लेबलवर.
संध्याकाळी शिवारात मोटारी सुरू झाल्या
की आमच्या गल्लीत बल्ब पिवळा पडतो,
स्टॅबिलायझर टकटक करत बसतो.
असल्या घरात हा पाहुणा
खाणार काय?
"कन्व्हर्टर लावून देतो," मुनीरभाई म्हणाला,
मग स्वतःच मान हलवली.
"नको. जळालं की माझ्याच नावानं बोंबलशील."

मागच्या फळीवरून त्यानं दुसरं काढलं.
एका पंख्याचं, साडेसहा इंच,
वेगळी वायर मागत नाही,
स्लॉटमधूनच त्याचं पोट भरतं.
खोक्यावर ना ड्रॅगन, ना तलवार.
फुंकर मारून धूळ उडवली आणि
जरा ओशाळल्यासारखं पुढं सरकवलं.
पैसे देऊन परतीचं भाडं उरत होतं.

शिवकांत तीन पंखे ठरवून बसला होता.
त्याला काय सांगायचं
हे नळेगावपर्यंत सुचलं नाही,
पुढंही नाही.

रात्री बसवलं.
सत्त्वशीलानं बॅटरी धरली,
खटक् झालं, पुढं चार बोटं जागा उरली,
तिनं त्यात बोटं घालून पाहिली.
पोरगं काही बोललं नाही,
पण स्क्रू त्यानंच आवळला,
दोनदा.

जळकोटचं लग्न लावलं.
आधी याला रात्र जायची,
चटईवर पडून मी तासातासाला उठायचो.
आता चहा गार व्हायच्या आत झालं.
नवरीनं वळून पाहिलं
आणि पुढं गेली.
बापानं डोळे पुसले,
लगेच.

मी तो तुकडा पुन्हा उघडला
आणि हातानं
चार सेकंद वाढवले.