दुसरा मालक

लसुडियाच्या पुढे, लग्नाच्या गार्डनमागची
रिकामी जागा मिळाली. महिना अकरा हजार.
गार्डनवाल्या राठौरांची अट एकच:
मुहूर्त असेल त्या रात्री
गाड्या बाहेर, रस्त्याकडेला.
म्हणून मी पंचांग घेतलं,
धंद्याचं पहिलं सामान.

मग बादली, पिवळी फडकी, जंपर केबल,
आणि आरटीओसमोरच्या टेबलावरची माझी एकवीस वर्षं.
फॉर्म एकोणतीस, फॉर्म तीस, बँकेची एनओसी.
इतक्या गाड्या मी एका नावावरून दुसऱ्या नावावर सरकवल्या
की सही बघून कळतं,
माणूस हौसेनं विकतोय की हप्ते थकलेत.
कागद माझ्याकडे. इंजिन इद्रीसभाईंकडे.
ते बॉनेटजवळ मान तिरकी करून उभे राहतात,
शेजारच्या खोलीतलं भांडण ऐकावं तसे.

पाच गाड्या जमल्या.
अल्टो नमकीनवाल्याची. तीनदा धुतली,
डिकी उघडली की अजून लौंग सेव.
सँट्रो दिघे सरांची. बारा वर्षांच्या पेट्रोलचा हिशोब
बारीक अक्षरात, वहीला खाकी कव्हर.
किल्ली देताना सरांनी किंमत पुन्हा विचारली नाही,
विचारलं, "रात्री झाकता ना?"
झाकत नव्हते. त्या दिवसापासून झाकते.

आणि पांढरी डिझायर,
एक्क्याऐंशी हजार चारशे बारा किलोमीटर.
लॅपटॉप घेऊन एक पोरगा आला,
"पंधराशे द्या, दहा मिनिटांत पंचेचाळीसवर आणतो."
मी स्वतः दर महिन्याला केस रंगवते,
तेव्हा भाषण काही दिलं नाही.
चहा पाजला. नको म्हटलं.
महिनाभर एकही गाडी हलली नाही.
रात्री झोप लागेना की मनात यायचं,
पंधराशेच तर होते.

देवउठनी ग्यारसला पहिला मुहूर्त.
पाची गाड्या रस्त्याला, आणि मी शाल पांघरून
प्लास्टिकच्या खुर्चीत राखणीला.
पहाटे चारला बँडवाले पेंगत असताना
नवरदेवाची सजवलेली गाडी बंद पडली.
राठौर धावत आले, "ताई, वो सफ़ेद वाली."
विमा होता, पीयूसी होतं, पेट्रोल दोन काडी.
हार उपटून इकडून तिकडे बांधले.
नवरी रडत होती, आणि रडता रडताच
सीटबेल्टचं टोक शोधत होती.
इद्रीसभाईंनी देवासला सोडून आणली.
सकाळी मीटर वाचलं: एकसष्टनं जास्त.
वहीत लिहिलं. कारणही लिहिलं.

झेंडू निघाला, हळदीचा डाग निघाला.
अक्षता मात्र मागच्या सीटच्या फटीतून
रोज दोन-चार वर येत राहिल्या.

गुरुवारी सांवेरहून लखन मास्तर आले, बायकोसह.
"कितने हाथ फिरी?"
म्हटलं, "एकच. तुम्ही दुसरे.
आणि मधे एक रात्र एका नवरीची."
वही पुढे केली. ते वाचत बसले,
पोरांची उत्तरपत्रिका वाचावी तसे, बोट ठेवून.
बाई मागच्या सीटवर बसल्या, वाकल्या,
फटीतला एक दाणा चिमटीत धरून उजेडात पाहिला.
मी श्वास रोखला.
त्या म्हणाल्या, "स्टेपनी दिखाओ."

स्टेपनी गुळगुळीत होती.
तिच्यापायी चार हजार गेले,
वर जॅक फुकट द्यावा लागला.
मास्तरांनी सही इतकी दाबून केली
की खालच्या फॉर्मवरही उमटली.

गाडी वळणापलीकडे गेली. तिच्या जागी
कोरडी चौकोनी माती, मधोमध तेलाचा एक ठिपका.
इद्रीसभाईंनी त्यावर पायानं धूळ ओढली,
"ये हमने बताया था क्या?"
सांगितलं होतं. वहीत आहे, पान सात.

पंचांग उघडलं.
पुढचा मुहूर्त मंगळवारी.
चारच हलवायच्या.