बारा हात

गमरूनच्या वलंदेज वखारीत, ज्येष्ठात,
लोखंडाला हात लावायचा तर आधी फडकं भिजवावं लागतं.
मी भिजवतो. दुलबा पागी, वेंगुर्ल्याचा.
भाल्यांना तेल, जामग्यांना ऊन,
आणि मोजदादीच्या वेळी मान हलवणं, हे माझं काम.

वहीत त्यांचं ठरलेलं आहे:
तीन बंदुकांमागे दोन भाले.
तापानं नऊ जण आडवे झाले तरी वही बदलत नाही.
उभे राहिले चौदा. नऊ बंदुका, पाच भाले.
गोवर्त हवालदार बोटं मोडून मोजतो,
आणि सहावा भाला माझ्या हातात देतो.

बारा हात लांब. मूठ माझी,
टोक मात्र वाऱ्याचं.

मी विचारलं, बंदुका असताना ही काठी कशाला?
तो बोलला नाही, भरून दाखवू लागला.
कानात दारू, झाकण, फुंकर,
मग नळीत दारू, शिसं, चिंधी, गज,
गज परत जागेवर, जामगी फुंकून लाल...
मध्येच थांबून त्यानं छातीला हात लावला
आणि मोडक्या फिरंगीत म्हणाला,
एवढा वेळ मी कुणीच नसतो.

मला माहीत होतं.
दोन हंगाम किशमच्या बाजूला
मोत्यांच्या होडीवर मी दोर धरला आहे.
फैरूज नाकाला चिमटा लावून खाली जायचा
आणि मी मोजायचो, आमच्या बोलीत, सत्तरपर्यंत.
तेवढ्यात एक बंदूक भरून होते, थोडी घाई केली तर.
वरच्यानं तोवर काही करायचं नसतं.
शिंकही आली तर गिळायची.
सत्तरला ओढायचं.

एकदा मोजताना चुकलो.
ते इथे सांगत नाही.

परवा बटाव्याचं गलबत आलं, सोबत कागद:
भाले आता नकोत, सगळ्यांना बंदुका.
गोवर्तनं कागद दोनदा वाचला,
मग करवत माझ्याकडे सरकवली.
आजाऱ्यांच्या पालाला खांब हवेतच,
मासे वाळवायला दांड्या हव्यात.

आज दुपारपासून कापतो आहे.
कोरडं लाकूड, समुद्राचं मीठ खाऊन चिरलेलं,
करवतीखाली कुत्र्यासारखं कण्हतं.
अकरावा भाला अर्ध्यावर असताना
भिंतीपलीकडे कुणीतरी बंदूक भरायला लागलं.
एकटंच. गजाचा आवाज ओळखू येतो.

हात थांबले, तोंड मोजू लागलं.
चाळीस. पंचावन्न.

सत्तर झाले.
बार अजून ऐकू आला नाही.