करड्या खुणा

चोपड्याहून रात्री नऊला टाकलेला धडा
करडाच राहतो.
ग्रुपचा कायदाच तसा: सगळ्यांनी वाचल्याखेरीज
खुणा निळ्या होत नाहीत,
आणि सायसिंग पावराला रेंज सापडते
ती वैजापूरच्या वर, सालईच्या झाडापाशी.

गृहपाठ होता: आपापल्या बोलीतले वाऱ्याचे शब्द,
स्वतःच्या आवाजात.
बाविस्करनं सात पाठवले, नंबर घालून.
कुणी लिहिलं, "सर, आमनाकडे वारा शेच नई."
खाली दात काढणारे तीन चेहरे.

पहाटे कधीतरी खुणा निळ्या झाल्या.
सायसिंगची क्लिप, चार मिनिटांची.
शब्द दोनच. बाकी नुसता
वारा, आणि चढून आलेल्याचा दम.

वर्गात स्पीकरला लावली.
मी अजून गुणच ठरवत होतो,
तोवर मागच्या बाकावरून हेमांगी उठली
आणि खिडकी लावून आली.