पंखाखालची शीर

तौसी म्कुडे पाय पसरून बसली होती
मक्याचे दाणे सोडवत.
"एकोणीस होत्या," म्हणाली,
"आता मोज."

मी मोजल्या. चार.
एक उघड्या मानेची, लाल,
नुकतीच कुणाशी भांडून आल्यासारखी;
एक उलट्या पिसांची, वावटळीत सापडून
तशीच राहून गेलेली;
एक चिंग्वेक्वे, इतकी बुटकी
की चालताना पोटानं अंगण झाडते;
आणि चौथी, जिच्या जातीला नावच नव्हतं.
रंग विचाराल तर
राखेत मूठभर तीळ सांडावेत तसा.

मानमोडी कोरड्या वाऱ्याबरोबर
उलुगुरूचे डोंगर चढून आली होती.
इथे तिला म्दोंदो म्हणतात,
शब्दातच टपटप पडणं आहे.
सकाळी हिरवी विष्ठा,
दुपारी मान पाठीकडे वळलेली,
संध्याकाळी केळीच्या बुंध्याशी खड्डा.
तौसीनं पंधरा वेळा खणला.
सोळावा खणून ठेवला होता,
तो अजून रिकामा होता.

मी बर्फाची पेटी उघडली.
पंख उचलून फुंकर मारली
की पिसं बाजूला सरतात
आणि निळी शीर दिसते,
शिवणीच्या दोऱ्याएवढी.
सुई टोचताना ती बिननावाची ओरडली नाही.
एका डोळ्यानं मला पाहिलं,
मग मान फिरवून दुसऱ्या डोळ्यानं,
एकाच्याच साक्षीवर भरवसा नसल्यागत.
नळीवर मी लिहिलं: सत्तेचाळीस.

मोरोगोरोत, वीज असेल त्या दिवशी,
यंत्र रक्त वाचतं.
सोळाव्या गुणसूत्रावर एक बोळ आहे अरुंद,
आपलं कोण, परकं कोण, ते तिथं ठरतं.
पिंजऱ्यातल्या पांढऱ्या कोंबड्यांचा बोळ मी पाहिलाय:
सारखी दारं, सारखी कुलपं.
एक किल्ली चोराच्या हाती लागली
की हजार घरं उघडी.
सत्तेचाळीसच्या बोळात
कुणाचं दार बुटकं, कुणाचं तिरकं,
आणि एक तर असं
की आमच्या कुठल्याच वहीत त्याची नोंद नव्हती.

पण खरं सांगतो.
प्रतिपिंडं सगळ्यात जास्त होती
उघड्या मानेवालीच्या रक्तात.
कागदानं तिला उदंड आयुष्य दिलं होतं.
पुढच्या लाटेत ती पहिल्याच दिवशी गेली.
सत्तेचाळीसचा आकडा बेताचा,
आणि ती खुशाल रवणीला बसलेली.
डॉक्टर न्देशाऊंनी चष्मा काढला,
पुसला, घातला.
आकडा तोच होता.

जूनमध्ये मी पैसे घेऊन गेलो, तिला विकत घ्यायला.
"ती? ती दिली."
"कुणाला?"
"बहिणीच्या लेकीला. बाळ झालं तिला."
आमच्या लुगुरूंत शेत आईकडून लेकीला जातं,
कूळ जातं, डोंगरावरची कबर जाते.
कोंबडीच तेवढी मागं कशी राहील?
बसच्या टपावर, टोपलीत,
पायाला जुन्या खांगाची चिंधी बांधून
ती किलोसाला गेली,
अनोळखी कोंबड्यांच्या राज्यात.

मी वहीत लिहिलं: नमुना गहाळ.
मग खोडलं.
उणे ऐंशी अंशांत तिचे चार थेंब
माझ्याकडे झोपून होते,
आणि ती स्वतः कुठल्यातरी उकिरड्यावर
माझ्या नोंदीबाहेर
अंडी घालत होती.
गहाळ नक्की कोण झालं होतं?

अंगणात तीन तलंगा फिरत होत्या.
एक काळी, एक पिवळट,
एक उघड्या मानेची, पण पिसं उलटी.
राखेतल्या तिळांची एकही नाही.
"यातली तिची कुठली?"

तौसीनं ओंजळभर दाणे उधळले.
"तुझ्याकडे यंत्र आहे ना?
त्याला विचार."

तिन्ही धावत आल्या.
जी आधी हाताला लागली
तिचा पंख मी उचलला,
आणि फुंकर मारली.