अकरा फायली

सिव्हिल लाइन्सच्या त्या हॉलमध्ये, मे महिन्यात,
दोन कूलर एकमेकांशी युक्तिवाद करत होते.
वाळ्याच्या ताट्या ओल्या, आमच्या कॉलरी त्याहून ओल्या,
आणि फळ्यावर हरदास मॅडमनी लिहिलं : उद्देश.
खाली एक रेघ. मग दुसरी.

आम्ही बत्तीस जण. वीस अभियोक्ते, बारा न्यायाधीश.
न्यायाधीश पुढच्या रांगेत, सवयीनं
थोडे उंच बसल्यासारखे.
पाच दिवसांचं प्रशिक्षण. भत्ता, सहीचा कागद,
सकाळी तर्री-पोहे
आणि साडेदहाला वंशसंहार.

मॅडम सात वर्षं कुठल्याशा न्यायाधिकरणात होत्या,
परक्या, थंड शहरात. म्हणाल्या,
तुमच्या कोर्टात माणसं एकेक करून मरतात.
एक प्रेत, एक पंचनामा, एक आरोपपत्र.
तीनशे दोन
(आता एकशे तीन झालंय, जिभेला कोण सांगणार)
त्यात गाव मावत नाही.
गाव मारलं जातं तेव्हा
नुसती कुऱ्हाड शोधू नका, यादी शोधा.
घरं कुणी मोजली, डिझेल कुणी पाठवलं,
कुणाला सगळं ठाऊक होतं
आणि तो जेवायला बसला.

तिसऱ्या दिवशी लुटुपुटूचा खटला.
गावाचं नाव ‘क’, नदीचं ‘न’,
कुणाच्या भावना दुखू नयेत म्हणून
देशही नकाशावर नसलेला.
साक्षीदार क्रमांक सतरा व्हायला कुणी उरलं नव्हतं,
तेव्हा पाणी देणाऱ्या बेबीनंदाबाईंना बसवलं,
हातात छापील उत्तरं देऊन.

बचावाच्या बाजूनं मीच उभी.
“अमावस्येची रात्र. चेहरा कसा दिसला?”
कागदावर उत्तर होतं : आगीच्या उजेडात.
बाईंनी कागद मांडीवर पालथा घातला.
“चेहरा कायले पाहायचा? खोकल्यावरून वळखलं ना मी.
रोज माह्या दारासमोरून जाये तो.
चहा बी पेला होता.”
मग न्यायासनाकडे वळून,
“साहेब, ह्या बाईले नाव नाही काय?
सतरा नंबर मेला म्हणून कोणी रडत नसते जी.”

कुणीतरी ‘हरकत’ म्हणालं
आणि कशावर, ते त्यालाच सांगता येईना.

संध्याकाळी त्या पेले विसळत होत्या.
विचारलं, खोकला कुणाचा होता?
“सुचलं तसं बोललो. तुमचंच तर खोटं होतं सारं.”
पेला उपडा ठेवताना
हात मात्र जरा जास्तच सावकाश.

शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म.
या प्रशिक्षणाचा उपयोग होईल का?
होय. नाही. सांगता येत नाही.
तिन्ही चौकटी कोऱ्या ठेवून मी रस्ता ओलांडला.
पलीकडेच माझं कोर्ट.

नऊ वर्षांपूर्वी तालुक्याच्या टोकाला एक टोला जळाला होता.
अकरा घरं, अकरा फिर्यादी,
अकरा निरनिराळ्या तारखा.
संशयाचा फायदा, अकरा वेळा.
त्यातल्या तीन मी चालवल्या.
चांगल्याच चालवल्या, असं तेव्हा वाटलं होतं.
शेजारची फाइल एकदाही उघडली नाही.
डिझेलची एक पावती होती कुठेतरी,
माझ्या तिनांत की उरलेल्या आठांत,
आठवेना.

रेकॉर्डरूममध्ये सोरतेभाऊ डबा बंद करत होते.
“निकाल लागलेत मॅडम. मेलेले कागद हे.”
तरी शिडी लावली त्यांनी,
धुळीत शिंकत एकेक खाली दिली,
प्रत्येकीला आपापली नाडी, आपापली गाठ.
मग रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण काढलं.
“अकराही एकत्र? कोणत्या कलमाखाली नोंदवू?”

मी रकान्याकडे पाहिलं. बोटभर रुंद.
म्हटलं, ते कलम आपल्याकडे अजून आलेलं नाही.
पेन्सिलीनं लिहा.