वजनपावती

अंबड चौफुलीवरच्या त्या कामाला नाव नव्हतं.
ना घोडा, ना तलवार, ना चष्मा,
म्हणून जयंती नाही, हारही नाही.
रिक्षावाल्यांनी आपसात ठरवलं : खेकडा.
खेकड्यापर्यंत दहा रुपये सीट.

पहाटे मोसंबीचा ट्रक त्याच्यावर चढला
आणि पालिकेचा भांडारपाल म्हणून
पंचनाम्याला मी गेलो.
रस्ताभर मोसंबी,
मधोमध तो, तीन पायांवर.

विम्याला आकडा पाहिजे होता.
दरसूचीत गटार आहे, पेव्हर ब्लॉक आहे,
मुतारीचा दर आहे, भांड्यामागे.
याचा नाही.
काबरासाहेब, मूल्यांकनकार, म्हणाले,
‘असंच दुसरं कुठं विकलं गेलंय का?
त्यावरून काढता येईल.’
मी चारी रस्त्यांकडे बघितलं.
‘बरं, घसारा धरू. गंजलाय किती!’
‘साहेब, तो गंज मुद्दाम आणलेला आहे.’
पेन थांबलं.
‘मग वजा करायचा का मिळवायचा?’

अनसूया खरात बदनापूरहून आल्या.
ज्यांनी बनवला त्या.
वाकलेल्या पायाशी बसल्या बराच वेळ.
‘हा मला बारीक पाहिजे होता,
ज्वारीच्या ताटासारखा.
पण बिल किलोवर होतं ना,
म्हणून जाड केला.’
पंचनाम्यात हे कुठं लिहायचं
मला सुचलं नाही.

मुख्तारभाई भंगारवाले म्हणाले,
‘छत्तीस. कला का अलग से कुछ नहीं.’
मग म्हशीच्या पाठीवरून फिरवतात
तसा एकदा हात फिरवला,
आणि म्हणाले, ‘सदतीस.’

एमआयडीसीतल्या काट्यावर
रिकामा ट्रक आधीच तोललेला.
माल भरून : एक हजार तीनशे चाळीस.
पावती फाडल्यावर दिसलं,
वर, खेकड्याच्या पोटाला टेकून
हमालाचा रज्जाक
मोसंबी सोलत बसलाय.
पुन्हा काटा करायचा तर ऐंशी रुपये.
जाऊ द्या, म्हणाले सगळे.
मीही.
तेव्हा अहवालात, रकाना सहा,
रज्जाकचे चाळीसेक किलो आहेत,
सदतीस रुपये दराने,
खाली माझी सही.
मोसंबीचं वजन किती, देव जाणे.

चौफुलीवर आता चार बोल्ट उरलेत.
नोंदवहीत त्यांच्यापुढे : निरंक.
काल स्टेशनवरून रिक्षात बसलो.
पोरगा नवा होता, जालन्यात आलेला महिनाभरापूर्वी,
त्यानं तो पाहिलेला असणं शक्यच नाही.
‘खेकडा का?’ त्यानंच विचारलं.
‘हो.’
‘पंधरा.’
मी घासाघीस केली नाही.