कंदील

हरिपूर रस्त्याला बाग झालीय आता.
आत काळा दगड, दगडावर चार नावं:
तायाप्पा ऐवळे, हमाल. त्याचा मेहुणा बिरू.
अण्णाप्पा चौगुले, फायरमन.
दस्तगीर मुलाणी, फायरमन.
कोरणाऱ्यानं 'मुलानी' केलंय.
मी तीन अर्ज दिले.

जुना बंब उभा केलाय वाळूत,
पोरं घंटा बडवतात, शिडीवरून उड्या टाकतात.
दस्तगीरला आवडलं असतं.
अण्णाप्पा ओरडला असता.

हळदीचं पेव उघडलं
की आधी कंदील सोडायचा खाली,
विझला तर माणूस उतरवायचा नाही.
इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक.
कंदील विझला होता.
आणि खालून कण्हणं येत होतं.
हवेचं नळकांडं मिरजेहून निघालं होतं,
निघालं होतं म्हणे.

दस्तगीर म्हणाला, "दोर धर."
मी धरला.
एक हिसका आला,
मग नुसतं वजन.
अण्णाप्पानं मला विचारलंही नाही,
चप्पल काढली, देवळात शिरावं तशी,
आणि गेला.

माळी विचारतो, काका, रोज येता,
यातलं तुमचं कोण?
मी बंबाकडं बोट करतो.
चालवायचो.

दगडापाशी कंदील बसवलाय, विजेचा.
कधी विझत नाही, इंजिनियर कौतुकानं सांगत होता.
न विझणारा कंदील
काय कामाचा, बाबा?

परवा लाइट गेली.
बाकांवरची माणसं गप्पा मारत राहिली अंधारात.
मी दोन पावलं मागं सरलो.
मुठी
आपोआप आवळलेल्या.